‘गिअर पडत नाही’ : निदानाचा एक छोटा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की निवृत्तीनंतर सरांचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सवर काय बोलावं? मी इतिहासच सांगणार आहे, पण तो एका चुकीपासून सुरू होतो, आणि ती चूक माझी आहे. त्यामुळे आधी ती सांगून टाकतो.

गेली काही वर्षं मी मुळशी तालुक्यात मुठा गावी राहतो. पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुटला यायचं, तिथे डावीकडे वळायचं, उरवडे मागे टाकून खिंड ओलांडली की मुठा. पुढे टेमघरचं धरण, आणि त्याच्या वर लवासाचा घाट. आमच्या शेजारी एक तरुण शेतकरी आहे. त्याच्याकडे वीस वर्षांची, दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याकडे आलेली पिकअप आहे. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. सकाळी दुधाचे कॅन, दिवाळीनंतर भाताची पोती, लग्नसराईत मांडवाचं सामान. घर त्या गाडीवर चालतं.

एकदा पोती भरून आम्ही दोघं खिंड चढत होतो. वळणावर त्याने तिसऱ्यातून दुसऱ्यात यायला क्लच दाबला, दांडा ओढला, आणि गिअर पडेचना. गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. ब्रेक लागला, हँडब्रेक ओढला, मी उतरून चाकामागे दगड लावला. त्र्याहत्तराव्या वर्षी मी इतका चपळ असेन असं मला वाटलं नव्हतं. मागून कोणी येत नव्हतं, म्हणून आज हे हसत सांगतोय. दरीच्या बाजूला तिथे कठडाही धड नाही.

घरी आल्यावर त्याने मला विचारलं, “सर, काय झालं असेल?” आणि मी, ज्याने तीस वर्षं मुलांना अनुमान शिकवलं, ठामपणे म्हणालो, “अरे, गिअर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला. दुसरं काय?” ज्या गॅरेजवाल्याकडे तो गेला त्यानेही तेच सांगितलं. बॉक्स उतरवला, रिंगा बदलल्या, बेअरिंगं बदलली. पैसे कुठून आले, तर आईच्या पाटल्या गहाण पडल्या. गाडी आठ दिवस छान चालली. नवव्या दिवशी, त्याच खिंडीत, पुन्हा तेच.

आता आपण जरा मागे जाऊ. थोडं नाही, चांगलं दीड हजार वर्षांहून मागे.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. कारणावरून कार्य ओळखणं ते पूर्ववत्. ढग दाटून आले, आता पाऊस पडणार. कार्यावरून कारण ओळखणं ते शेषवत्. त्याचं वात्स्यायनाने भाष्यात दिलेलं उदाहरण नदीचं आहे. नदीचं पाणी नेहमीपेक्षा वेगळं दिसतं, पात्र भरून वाहतंय, ओढ वाढलीय, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला. आम्ही मुठेच्या काठी राहणारे लोक हे अनुमान पावसाळ्यात रोज करतो. खाली ऊन असतं, पाणी गढूळ होतं आणि म्हातारी माणसं म्हणतात, वर टेमघरला झोडपतोय.

पण न्यायाची गंमत अशी की तिथेच एक आक्षेपकही उभा केलेला आहे. तो म्हणतो, तुमचं अनुमान खोटं ठरू शकतं. नदी फुगली ती पावसानेच कशावरून? पुढे पाणी अडलं असेल, बांध असेल, तरी पात्र भरलेलं दिसेल. या आक्षेपाचं उत्तर मला फार आवडतं. उत्तर असं की नुसतं पात्र भरलेलं दिसणं हे पावसाचं लक्षण आम्ही धरलेलंच नाही. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, तो फळं, पानं, लाकडं वाहून आणतो. अडलेलं पाणी असं नसतं. म्हणजे चूक अनुमानाची नसून अर्धवट पाहणाऱ्याची आहे.

पुणेकरांना यावर जास्त सांगायला नको. १२ जुलै १९६१. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. नदी शहरात शिरली ती वरच्या पावसाने नव्हे. अंबी नदीवरचं पानशेतचं धरण फुटलं, मग त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं. कार्य तेच, पुराचं पाणी. कारण मात्र दुसरंच. आमच्या वाड्यातली मोठी माणसं ‘पाऊस तर एवढा नाही’ म्हणत जिन्यात उभी होती, हे मला अजून आठवतं. ती माणसं न्यायसूत्र न वाचता तोच आक्षेप घेत होती.

तर, गिअर पडत नाही हे फुगलेलं पात्र आहे. त्याचं कारण बॉक्समध्ये असेल किंवा आणखी कुठे पाणी अडलं असेल. ते कळायला आधी ही पेटी काय आहे ते समजून घ्यायला हवं.

इंजिनाची एक अडचण असते. त्याला जोर ठरावीक वेगातच देता येतो. चढावर चाकं सावकाश फिरायला हवीत, इंजिन मात्र जोरात. मग मध्ये लहानमोठी दातेरी चाकं आली. फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासॉर यांच्या कारखान्यात १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला जी रचना ठरली, तिचेच नातेवाईक आजही आपल्या गाड्यांत आहेत. पुढे इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स, मग मागची चाकं. त्या पेटीत दातेरी चाकं शाफ्टवर खरोखर सरकवून एकमेकांत घुसवायची असत. दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना! आवाज कसा होत असेल बघा. एमिल लव्हासॉरबद्दल आख्यायिका आहे की आपल्या या यंत्राबद्दल तो म्हणाला, रानटी आहे, पण चालतंय.

यावर चालकांनी शोधलेला उपाय म्हणजे डबल क्लच. जुने ट्रकवाले अजून करतात. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, खालच्या गिअरला जायचं असेल तर जरा रेस द्यायची, परत क्लच दाबायचा, मग गिअर टाकायचा. हे का, तर मधल्या क्षणी पेटीतल्या फिरत्या भागाचा वेग वाढतो आणि जुळणाऱ्या दोघांचे वेग सारखे होतात. म्हणजे जे काम पुढे यंत्राने केलं ते आधी माणसाचा पाय आणि कान करत होता.

१९२८ साली कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आला. अर्ल थॉम्प्सन नावाच्या अभियंत्याची ती कल्पना. यात दातेरी चाकांच्या जोड्या कायमच एकमेकांत गुंतलेल्या असतात, त्या सरकतच नाहीत. शाफ्टवर मोकळी फिरणारी चाकं असतात आणि त्यांपैकी एकाला शाफ्टशी बांधायचं काम एक सरकती बांगडी करते. बांधण्याआधी एक शंकूच्या आकाराची रिंग, बहुधा पितळी, घासून दोघांचा वेग एक करते. वेग एक झाला की मगच बांगडी पुढे जाते. म्हणजे ‘गिअर टाकणं’ हा आपला शब्द १८९० च्या पेटीचा आहे. आज कोणी काही टाकत नाही, बांधतो. पण भाषा जुनी वस्तू सहसा फेकत नाही.

हे सगळं आपल्याकडे आलं कसं? मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या जीपच्या तीन गिअरांपैकी दुसऱ्याला आणि तिसऱ्याला सिंक्रोमेश होता, पहिल्याला नव्हता. पहिला टाकायचा तर गाडी थांबवा किंवा डबल क्लच करा. १९५४ मध्ये टेल्कोने जमशेदपूरला डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढले. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी जर्मन सहकार्याने बजाज टेम्पो कंपनी सुरू केली, आणि हा टेम्पो मराठीत असा काही रुजला की आज कुठल्याही कंपनीची मालगाडी असो, आपण ‘टेम्पो आला’ म्हणतो. मूळ कंपनीने २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण भाषेने काही बदललं नाही. १९६६ पासून टेल्कोने सुमंत मुळगावकरांच्या पुढाकाराने पुण्यात पाय रोवला. १९८० च्या दशकात जपानी सहकार्याच्या हलक्या मालगाड्यांचं पीक आलं, त्याला उत्तर म्हणून १९८६ मध्ये ४०७ आली, आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप.

या कारखान्यांच्या इतिहासावर ग्रंथ आहेत. त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या इतिहासावर फारसं काही नाही. तो रस्त्याकडेच्या गॅरेजांचा इतिहास. पिंपरी-चिंचवडच्या आसपास दोन पिढ्यांत असे हजारो हात तयार झाले, ज्यांनी पुस्तक वाचलं नाही पण पेटी कानाने ओळखली. त्यांची परिभाषा मराठीत आहे. मी तिच्या मागे लागलो तेव्हा मला चार क्रियापदं सापडली, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला क्रियापद सापडलं की त्याचा दिवस चांगला जातो.

गिअर ‘पडत नाही’. गिअर ‘वाजतो’. गिअर ‘सुटतो’. आणि गिअर ‘अडकतो’. गिऱ्हाईक यातलं कुठलं क्रियापद वापरतं यावर जाणता मिस्त्री निम्मं ओळखतो.

‘वाजतो’ म्हणजे खर्रर्र करतो. एकच गिअर वाजत असेल, समजा दुसरा, आणि सावकाश टाकला तर गुपचूप जात असेल, तर त्या गिअरची रिंग घासली गेली असण्याची शक्यता मोठी. सगळेच वाजत असतील तर पाचही रिंगा एका दिवशी कशा जातील? मग क्लच पूर्ण सुटत नसेल. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो, म्हणून रिव्हर्स हा फुकटचा परीक्षक आहे. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, पाच-सात सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तेवढ्या वेळात पेटीतली चाकं थांबायला हवीत. तरीही वाजला तर क्लच दाबलेला असूनही इंजिन पेटीला फिरवतंय.

‘सुटतो’ म्हणजे पडलेला गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. इथे दाते झिजलेले असतात, किंवा दांडी जागेवर धरणाऱ्या गोळीमागची स्प्रिंग मेलेली असते, किंवा बेअरिंगं ढिली होऊन शाफ्ट मागेपुढे खेळत असतो. पण आधी खालून बघावं. इंजिनाचं नाहीतर पेटीचं माउंटिंग रबर फाटलं असेल तर सगळं धूड हलतं आणि दांडा ओढला जातो. उतारावर गिअर सुटणं सगळ्यात वाईट, कारण इंजिनाचा धरलेला आवर एकदम जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

‘अडकतो’ म्हणजे पडला पण निघत नाही. इथे दांड्यापासून पेटीपर्यंतची जोडणी बघायची. ज्या गाड्यांत दांडा स्टिअरिंगच्या खाली असायचा, जुन्या पद्मिनीत आणि ॲम्बेसिडरमध्ये, तिथे बुश झिजले की सांधे ढिले पडून गिअर शोधावा लागे. माझ्या एका मित्राने अशा गाडीने रिव्हर्स समजून पुढची भिंत पाडली होती. असो.

एक गोष्ट तेलाची. गॅरेजात ‘नव्वद नंबर’ म्हणून एकच डबा असतो आणि तो पेटीतही जातो आणि मागच्या डिफरन्शिअलमध्येही. डिफरन्शिअलला जास्त दाब सोसणारं, गंधकयुक्त रसायनांचं तेल लागतं. तेच पेटीत घातलं तर काही प्रकार पितळी रिंगांना चांगले नसतात. पहाटेच्या थंडीत गिअर जड जातात आणि पाच किलोमीटरनंतर हलके होतात, अशी तक्रार असेल तर पेटी उतरवण्याआधी तेल कुठलं आहे ते विचारावं.

राहिला ‘पडत नाही’, म्हणजे आमचा.

दुसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा कोणीतरी एका वयस्कर मिस्त्रींना घेऊन आलं. माझ्याच वयाचे असतील. पायजमा, पांढरी टोपी, हातात एक पाना. त्यांनी गाडीखाली बघितलंही नाही. आधी त्याला म्हणाले, “बाळा, इंजिन बंद कर आणि सगळे गिअर टाकून दाखव.” एक, दोन, तीन, चार, पाच, रिव्हर्स. लोण्यातून सुरी जावी तसे. “आता चालू कर.” एकही पडेना.

मंडळी, मी तिथे ओट्यावर बसलो होतो आणि मला घाम फुटला. कारण हा अन्वय-व्यतिरेक आहे. पेटी तीच, दांडा तोच, तेल तेच. फरक एकच, इंजिन फिरतंय की नाही. दोष पेटीत असता तर इंजिन बंद असतानाही तो बहुतेक दिसला असता. मिलने १८४३ च्या तर्कशास्त्रात भेदपद्धती म्हणून हेच मांडलं, आणि मी ते दरवर्षी फळ्यावर लिहून काढत होतो. फक्त खिंडीत माझ्या ते लक्षात आलं नाही.

मग मिस्त्रींनी दुसरा प्रश्न विचारला. “गिअर पडत नसला की तू काय करतोस?” मुलगा लाजत म्हणाला, “क्लच दोन-तीनदा भराभर मारतो. मग पडतो कधी कधी.” “हे आधी कुणाला सांगितलं होतंस?” “नाही. कुणी विचारलंच नाही.”

त्यात मीही आलो.

आयुर्वेदात निदानपंचक आहे: हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती. माधवकराचा ‘माधवनिदान’ हा सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा ग्रंथ याच विषयाला वाहिलेला. यातला उपशय मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. रोगाची लक्षणं गूढ असतील तेव्हा, कशाने बरं वाटतं आणि कशाने वाढतं, यावरून रोग ओळखावा. चरकानेही तसंच सांगितलं आहे. क्लच भराभर मारल्याने गिअर पडतो हा उपशय आहे. पेडल दाबलं की द्रव पुढे ढकलला जातो, खालच्या छोट्या सिलिंडरचा दट्ट्या क्लचचा काटा ढकलतो. द्रव गळत असेल किंवा नळीत हवा शिरली असेल तर एका दाबात काटा पुरता सरकत नाही. दोन-तीनदा मारलं की तेवढ्यापुरता दाब साठतो. झिजलेली पितळी रिंग काही पेडल मारल्याने बरी होत नाही.

मिस्त्रींनी तेव्हा कुठे खाली वाकून त्या सिलिंडरवरचं रबरी बूट उचललं. आत ओलं होतं. वॉशर फाटला होता. वॉशरचा संच बदलला, द्रव भरला, हवा काढली. अर्धा दिवसही लागला नाही आणि पैसे इतके थोडे, की मुलगा ते देताना रडला. मी उठून घरात गेलो.

आठ दिवस गाडी का चालली होती? पहिल्या गॅरेजात पेटी चढवताना कोणीतरी वरच्या डबीत द्रव भरून दिला होता. तो गळून संपायला आठ दिवस लागले. आम्ही समजलो नव्या रिंगांचा गुण. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. काकतालीय न्याय म्हणतात तो हा.

त्या गॅरेजवाल्याला मी दोष देणार होतो, पण देत नाही. पेटी उतरवण्याचे पैसे मिळतात, इंजिन बंद करून गिअर टाकून बघण्याचे मिळत नाहीत. विचार करण्याची मजुरी आपल्याकडे बिलात लिहीत नाहीत. मिस्त्रींनीही वॉशरचे आणि हवा काढण्याचेच पैसे घेतले. ते आता थकलेत, मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. मी वही घेऊन त्यांच्याकडे बसतो. ते बोलतात, मी लिहितो. ‘शेषवत्’चा दुसरा अर्थही वात्स्यायनाने दिला आहे: शक्य ती कारणं एकेक करून वगळायची, जे उरेल ते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग सर, तुम्ही हे आधी का नाही केलंत?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाटल्या अजून सुटायच्या आहेत. एक सुटली, एक आहे.

आणि गेल्या महिन्यापासून त्याच गाडीचा तिसरा गिअर सुटतोय. टेमघरच्या बाजूने उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की दांडा न्यूट्रलला. या वेळी मुलाने मला विचारलं नाही, मिस्त्रींकडेच गेला. माउंटिंग रबर बघितलं, ठीक आहे. दांड्याचं रबर कुठे घासत नाही. जोडणी घट्ट आहे. क्लच चोख. चौथा आणि दुसरा सुटत नाहीत. म्हणजे वगळता वगळता आता पेटीच उरली आहे. मागच्या वेळी कारण नसताना ती उघडली, तेव्हा आत काय राहून गेलं किंवा काय जुनंच परत बसवलं, ते उघडल्यावर कळेल. तोवर तो घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरतोय आणि पोती निम्मीच भरतोय. सोमवारी पेटी उतरवणार आहेत. मिस्त्री स्वतः समोर बसणार आहेत, आणि मीही वही घेऊन जाणार आहे.

थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.